पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडतो : कारण शोधण्याचा क्रम आणि कुठे थांबावे

जून महिना अर्धा सरला की मुंबईत वायरमनला येणाऱ्या बोलावण्यांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते : मेन पडतो, वर केला तर तासभर टिकतो आणि पुन्हा पडतो. गिरगाव-परळच्या चाळी, दादर-माहीमच्या तीन-चार मजली जुन्या इमारती, गोरेगाव-मुलुंडकडचे नवे टॉवर, सगळीकडे तक्रार हीच असते. हा ‘मेन’ म्हणजे बहुधा आरसीसीबी : वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा, डीबीतला (घरातल्या मुख्य वितरण पेटीतला) स्विच. कारणे मात्र घरागणिक बदलतात. हे काम अनेक वर्षे करत आल्यामुळे शोधाचा एक क्रम हाताला बसला आहे. त्यातल्या पहिल्या पायऱ्या कोणत्याही घरातल्या माणसाला स्वतः करता येण्यासारख्या आहेत, आणि त्या नीट केल्या तर कारागीर आल्यावर त्याचा निम्मा वेळ वाचतो.

सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती करतो. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो ‘डायरेक्ट’ करून द्या, म्हणजे त्याला वगळून तार थेट जोडा, अशी मागणी बऱ्याच घरांतून होते आणि काही कारागीर ती पुरीही करतात. मग घरात दिवे लागतात, गिझर चालतो, आणि गळती जिथे होती तिथेच राहते. पण आता ती एखाद्याच्या अंगातून गेली तर तोडणारे काही उरलेले नसते. काही ठिकाणी ३० मिलिअँपिअरचा (म्हणजे एवढी गळती झाली की पडणारा) आरसीसीबी काढून १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा बसवला जातो, कारण तो ‘टिकतो’. परिणाम जवळजवळ तोच. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरांतही हे केलेले पाहिले आहे, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहीत आहे.

लक्षणे

कोणत्या लक्षणावरून कुठे पाहायचे हे बरेचसे ठरते, म्हणून पुढीलपैकी आपल्या घरात काय घडते ते आधी ओळखावे.

• गिझर, इस्त्री किंवा वॉशिंग मशीन सुरू करताच अथवा दोन-तीन मिनिटांत आरसीसीबी पडतो.
• काहीही नवे सुरू केलेले नसताना, बरेचदा रात्री, पडतो. सकाळी वर केला की राहतो.
• जोराचा पाऊस लागला की पडतो, दोन दिवस उघडीप मिळाली की आपोआप ठीक होतो.
• सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे स्विच) खाली असतानाही आरसीसीबी वर राहत नाही; किंवा कोणत्याही खोलीतला मोठा भार टाकला की पडतो, मग तो भार कुठलाही असो.
• भिंतीत खिळा ठोकल्यावर, पडद्याचा रॉड किंवा एसीचे ब्रॅकेट बसवल्यावर, अथवा रंगकाम आटोपल्यावर त्रास सुरू झाला.
• आरसीसीबी पडत नाही, पण नळाला, गिझरच्या पाइपला किंवा फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात.

शेवटचे लक्षण या यादीत सर्वांत धोक्याचे आहे. ते असेल तर पुढच्या घरगुती तपासण्या करत बसू नये. डीबीतून गिझर आणि संबंधित एमसीबी बंद करावेत आणि थेट अर्थिंगच्या भागाकडे वळावे.

आरसीसीबी काय मोजतो

आरसीसीबीला बरेच जण ईएलसीबी म्हणतात. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परत येतो की नाही, एवढेच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेही पडू शकतो आणि ३० ला पोचल्यावर सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत पडलाच पाहिजे. एमसीबीचे काम वेगळे. तो जादा भार आणि शॉर्ट सर्किट यांवर पडतो. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर; माणसाच्या हाताचे स्नायू तर १० मिलिअँपिअरच्या आसपासच आखडतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि ३० च्या वरचा प्रवाह छातीतून काही काळ वाहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे माणसाला शॉक लागत असताना एमसीबीला काहीही कळत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा आहे, ती याच कारणाने.

आता एक साधा हिशेब, कारण पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारींचे उत्तर त्यातच आहे. ओल आलेल्या भिंतीतल्या एखाद्या सर्किटचा इन्सुलेशन रोध (तारेच्या आवरणाचा गळतीला होणारा विरोध) ५० किलोओहमवर उतरला, तर २३० व्होल्टवर त्यातून सुमारे ४.६ मिलिअँपिअर गळतात. एवढ्याने आरसीसीबी पडत नाही. पण बाथरूम, स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी अशा तीन सर्किटची तीच अवस्था असेल, तर बेरीज १४ च्या जवळ जाते. त्यात संगणक, टीव्ही, इन्व्हर्टर एसी यांच्या फिल्टरमधून मुळातच होणारी थोडी थोडी गळती मिळवली की १५ ची रेषा ओलांडली जाते. अशा घरात ‘दोषी’ उपकरण एकही सापडत नाही आणि मेन मात्र पडतच राहतो. प्रत्येक वस्तू वेगळी तपासली, सगळ्या ठीक निघाल्या, असे सांगणारे घरमालक खोटे बोलत नसतात.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

हात कोरडे, पायात रबरी चप्पल, पायाखाली कोरडी जमीन. यांपैकी एकही नसेल तर डीबीला हात लावू नये. जळका वास, चरचर आवाज किंवा डीबीत पाणी ओघळल्याची खूण दिसली तर इथेच थांबावे.

सर्वप्रथम काय पडले ते पाहावे. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे चाचणीचे छोटे बटन असते आणि ३० एमए किंवा ०.०३ ए असा आकडा छापलेला असतो. ज्याच्यावर असे बटन नाही आणि फक्त सी १६, बी १० अशी खूण आहे तो एमसीबी. एमसीबी पडत असेल तर शोध भार आणि शॉर्ट सर्किटच्या दिशेने जातो आणि हा लेख त्या कामाचा नाही. डीबीतल्या एखाद्या सर्किटला आरसीबीओ असेल तर त्यात दोन्ही कामे एकत्र असतात. त्यावरही ते बटन असते, आणि तो पडला तर निदान दोषी सर्किट कोणते एवढे आयतेच कळते.

मग वही घ्यावी. दोन-तीन दिवस तो केव्हा पडला, तेव्हा पाऊस होता का, घरात काय चालू होते, हे लिहून ठेवावे. ही पायरी लोकांना वेळकाढूपणा वाटते, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उलगडे याच नोंदीतून झाले आहेत. उदाहरणार्थ, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर काही तासांच्या अंतराने आपोआप सुरू होतो. त्या हीटरमध्ये गळती असेल तर फ्रिज दिवसभर उत्तम चालतो आणि मेन मात्र भलत्याच वेळी, सगळे झोपलेले असताना पडतो. कपडे गार पाण्यात धुतले तर काही होत नाही आणि गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला की पडतो, असे असेल तर वॉशिंग मशीनच्या आतल्या हीटरकडे बोट जाते. नोंद नसेल तर असली कारणे सापडायला महिना जातो.

यानंतर घरातील सगळ्या उपकरणांचे प्लग सॉकेटमधून प्रत्यक्ष उपसून काढावेत. नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, आणि उपकरणाच्या आत न्यूट्रल अर्थला चिकटले असेल तर स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. गिझर आणि एसीला बरेचदा प्लग नसतो, त्यांची तार थेट जोडलेली असते; त्यांचे एमसीबी खाली करावेत, पण न्यूट्रलचा संबंध तिथे शिल्लक आहे हे लक्षात ठेवावे. सगळे काढल्यावर आरसीसीबी टिकला, तर एकेक वस्तू लावत जावे आणि प्रत्येक वस्तूनंतर निदान दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण हीटरची गळती कधी कधी कॉइल तापल्यावरच उघडी पडते.

गिझरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो सर्वांत मोठा संशयित. त्याच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये भुकटी भरलेली असते, आणि ती ओलावा शोषते. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत गिझर बंदच असतो. जुलैच्या पहिल्या गारव्यात तो सुरू केला की महिनोन् महिने शोषलेल्या ओलाव्यामुळे आरसीसीबी पडतो. नळीला बारीक चीर गेलेली असेल तरीही लक्षण तेच. बोअरिंगचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत क्षार चढून कॉइल लवकर जाते, महापालिकेच्या पाण्यावर ती जास्त टिकते. या दोन कारणांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही. आरसीसीबी बाजूला ठेवून गिझर तासभर चालवा, म्हणजे कॉइल सुकेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपा करून ऐकू नये. कॉइल मेगरने (इन्सुलेशन रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्यावी आणि कमी दाखवत असेल तर बदलून टाकावी.

काहीही लावलेले नसतानाही आरसीसीबी पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. आता सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा आणि एकेक एमसीबी थांबून थांबून वर करत जावे. ज्याच्यानंतर पडला ते सर्किट खाली ठेवावे, बाकीचे घर चालू ठेवावे आणि त्या सर्किटवर कोणत्या खोल्या आहेत याची यादी करावी. बहुतेक घरांत हे काम इथे निम्म्यावर येते.

सगळे एमसीबी खाली असताना तो पडत असेल, किंवा घरातला कुठलाही मोठा भार टाकला की पडत असेल, तर घरमालकाचे काम इथे संपते. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतात. सगळ्या सर्किटचे न्यूट्रल डीबीतल्या एकाच पट्टीवर जोडलेले राहतात. कुठे तरी न्यूट्रल ओल्या भिंतीला, लोखंडी बॉक्सला किंवा अर्थच्या तारेला टेकले असेल तर परतीच्या प्रवाहाचा काही भाग त्या वाटेने निघून जातो. ते शोधायला न्यूट्रल पट्टीवरच्या तारा एकेक करून सोडवाव्या लागतात, आणि त्यासाठी डीबीचे झाकण उघडावे लागते. ते काम परवानाधारक माणसाचे.

डोळ्यांनी पाहण्याच्या जागा

दोषी सर्किट कळल्यावर त्याच्यावरच्या जागा बाहेरून नीट पाहाव्यात. काही उघडायचे नाही. खिडकीबाहेरच्या ग्रिलमधला दिवा, दाराबाहेरची बेल, ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा सॉकेट, बाथरूमला पाठ लावून असलेला स्विचबोर्ड, वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखाली येणारा छताचा पॉइंट, या माझ्या ठरलेल्या जागा आहेत. भिंतीवर पोपडे, पिवळसर डाग, स्विचच्या प्लेटच्या खालच्या कडेला वाळलेल्या पाण्याची रेघ दिसली तर आत काय असणार याचा अंदाज येतो. वरळी, वर्सोवा, कुलाबा अशा समुद्राजवळच्या घरांत अशी प्लेट उघडली की पितळी स्क्रूभोवती हिरवट पिठासारखा थर जमलेला असतो, तांब्याची टोके काळी पडलेली असतात आणि लोखंडी बॉक्सचा तळ गंजून भुसा झालेला असतो; त्या भुशात ओल मुरलेली असते आणि गळती तिथूनच भिंतीत उतरते. सॉकेट बदलून भागत नाही, बॉक्सही बदलावा लागतो. कधी आत मेलेली पाल किंवा मुंग्यांचे वारूळही सापडते.

एसीच्या बाहेरच्या युनिटकडेही पाहावे, पण खिडकीतूनच. सर्व्हिसिंगनंतर तारांच्या जोडणीवरचे छोटे झाकण परत बसवलेले नसेल तर पहिल्याच तिरप्या पावसात पाणी आत जाते. कबुतरांची घरटी हेही तिथले नेहमीचे दुखणे; काड्या आणि विष्ठा ओल धरून ठेवतात. छज्जावर उतरून ते पाहण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

सणांचेही ध्यानात ठेवावे. गणपतीच्या आराशीतली रोषणाई आणि पाण्याच्या कारंज्याची छोटी मोटर भर पावसाळ्यात चालते, आणि आकाशकंदिलाची तार दिवाळीच्या सुमारास खिडकीच्या फटीतून बाहेर जाते, तेव्हा परतीचा पाऊस संपलेला असेलच असे नाही. त्या दिवसांत मेन पडू लागला तर भिंत फोडायच्या आधी ही तात्पुरती जोडणी काढून पाहावी. तारेचा सांधा टेप गुंडाळून खिडकीबाहेर सोडलेला असतो, आणि ओलसर टेपचा भरवसा नसतो.

खिळा, ड्रिल किंवा ब्रॅकेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर त्या भिंतीतून जाणारे सर्किट बंद ठेवावे आणि तो खिळा उपसू नये. तार अर्धवट तुटलेली असेल तर खिळा निघताना ती उघडी पडते, आणि कारागिराला दोषाची जागा दाखवणारी खूणही नाहीशी होते.

या टप्प्यावर किरकोळ खर्चाची काही कामे घरमालक स्वतः करू शकतो. उपकरणाचा ढिला झालेला थ्री-पिन टॉप, जळलेला स्विच किंवा सॉकेट बदलणे यासाठी नियमांत परवान्याची अट नाही. पण मेन बंद करून, आणि हे काम आधी केलेले असेल तरच. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून तार मृत आहे असे धरू नये. वायरिंगमध्ये भर घालणे, तिची जागा बदलणे किंवा दुरुस्ती करणे हे मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचे काम आहे.

अर्थिंग : सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गंभीर

आरसीसीबीचे चाचणी बटन दाबले आणि तो पडला, म्हणजे घराचे अर्थिंग ठीक आहे, असा समज फार पसरलेला आहे. ते बटन आतल्या आतच फेज आणि न्यूट्रलमध्ये लहानसा प्रवाह वाकडा वळवते. त्याला अर्थची तार लागतच नाही. अर्थिंग मुळीच नसलेल्या घरातही आरसीसीबी चाचणीत उत्तम पडतो. उलट, बटन दाबूनही तो पडला नाही तर तो निकामी आहे, हे मात्र निश्चित.

मुंबईच्या जुन्या इमारतींत अर्थची तार फार पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला क्लॅम्प लावून बांधलेली असते. पाइप जमिनीतून येत असल्यामुळे त्या काळी ते चालून गेले. पुढे इमारतीची दुरुस्ती निघते, गंजलेले लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे बसवले जातात, आणि प्लंबरचे काम संपते त्या दिवशी इमारतीतल्या अनेक घरांचे अर्थिंग कोणाच्याही लक्षात न येता नाहीसे होते. तारा तशाच असतात, सॉकेटला तिसरे भोकही असते, पण त्या तारा आता फक्त एकमेकांना जोडलेल्या असतात, जमिनीला नाही. अशा स्थितीत दुसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या गिझरच्या कॉइलला चीर गेली की त्याच्या सांगाड्यावरचे व्होल्टेज त्या जोडलेल्या तारांवरून चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजच्या दारावर येऊन उभे राहते. चौथ्या मजल्यावरच्या घरात एकही वस्तू बिघडलेली नसते. तिथला आरसीसीबीही पडत नाही, कारण त्याच्यामधून गेलेला प्रवाह पूर्ण परत येतो. आलेले व्होल्टेज त्याच्या मागून, अर्थच्या तारेने आलेले असते.

नळाला किंवा फ्रिजला मुंग्या येत असतील तर स्वतःचे घर तपासून समाधान मानू नये ते याचसाठी. वरच्या आणि खालच्या घरांना त्याच दिवशी सांगावे, सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवावे, आणि अर्थचा रोध मोजून मिळेपर्यंत गिझर बंद ठेवावा. मुंग्या अजून येतात का हे पुन्हा पुन्हा हात लावून पाहू नये. मीटर केबिनपासून जमिनीत गेलेला अर्थिंगचा खड्डा, तिथून वर येणारी पट्टी आणि प्रत्येक मजल्यावरची जोडणी ही सोसायटीच्या सामाईक कामात मोडते. एकट्या सदस्याला ती पार पाडता येत नाही. तीस वर्षांवरील इमारतींना महापालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट करावेच लागते. ते निघाले की त्याच सभेत अर्थिंग आणि सामाईक वायरिंगच्या तपासणीचा ठराव मांडावा, आणि पाइप बदलण्याच्या प्रत्येक कामात नव्या अर्थिंगची बाब अंदाजपत्रकात घालून घ्यावी. हे घडवून आणणारा एखादा चिकाटीचा सदस्य इमारतीत असेल तर सगळ्यांचेच भले होते.

मीटर लावून करायच्या तपासण्या

परवानाधारक माणूस आल्यावर त्याने काय करावे हे माहीत असले म्हणजे काम वरवर उरकले जात नाही. गळती मोजणारा क्लॅम्प मीटर मेनच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांभोवती एकत्र लावला की घराची एकूण गळती मिलिअँपिअरमध्ये दिसते. कोणती तार, कोणती वस्तू हे त्यावरून पुष्कळ वेगाने कळते. नंतर मेन बंद करून, सगळी उपकरणे काढून, प्रत्येक सर्किटची ५०० व्होल्टच्या मेगरने चाचणी करावी. किमान १ मेगाओहम हवे. चांगल्या कोरड्या वायरिंगमध्ये ते याहून कितीतरी जास्त येते. टीव्ही, संगणक, इन्व्हर्टर एसी जोडलेले राहिले तर मेगरच्या व्होल्टेजने त्यांचे नुकसान होऊ शकते, म्हणून सगळे खरोखर काढले आहे ना हे घरमालकाने स्वतः पाहावे. मेगर न आणता, टेस्टर फिरवून ‘वायरिंग खराब आहे, सगळी बदलावी लागेल’ असे सांगणाऱ्या कारागिराला नम्रपणे नकार द्यावा.

नूतनीकरणानंतर त्रास सुरू झालेल्या घरांत बरेचदा दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात : दिव्यांचा फेज एकातून, न्यूट्रल दुसऱ्यातून. गळती शून्य असते, दोष निव्वळ जोडणीचा असतो. अर्ध्या तासात तो निघतो, पण तो सुचला पाहिजे.

गळती कुठेही एकवटलेली नसून वर सांगितल्याप्रमाणे थोडी थोडी सगळीकडे असेल, तर घर दोन आरसीसीबींवर विभागणे हा योग्य उपाय आहे. ओलसर जागांची सर्किट एकावर, बाकीची दुसऱ्यावर. नवा घेताना ‘एसी’ प्रकाराऐवजी (हे आरसीसीबीच्या प्रकाराचे नाव, घर गार करणारा एसी नव्हे) ‘ए’ प्रकाराचा घ्यावा, कारण इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनमधून होणारी गळती सरळ लहरीची नसते आणि जुना प्रकार ती नीट ओळखत नाही. आरसीसीबी स्वतःच बिघडल्याची शक्यता असते, पण ती सर्वांत शेवटी तपासावी. तो किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडतो हे मोजणारे यंत्र मिळते. ते न लावता आरसीसीबी बदलणे म्हणजे बहुधा पैसे जाणे आणि तक्रार तशीच राहणे.

कुठे थांबावे

पुढील गोष्टी दिसल्या तर घरचा कोणताही प्रयोग न करता मेन बंद करून माणूस बोलवावा : डीबी किंवा मीटरमध्ये पाणी, जळका वास, गरम लागणारी स्विचची प्लेट, काळवंडलेला सॉकेट, दिवे एकाएकी फार प्रखर किंवा फार मंद होणे, नळाला शॉक, आणि एमसीबी सगळे खाली असतानाही न टिकणारा आरसीसीबी. दिव्यांच्या प्रखरतेतला असा बदल न्यूट्रल तुटत असल्याची खूण असू शकते आणि त्यात घरातली सगळी उपकरणे एकदम जळतात.

मीटर आणि त्याच्या आधीची तार वीज पुरवणाऱ्या संस्थेची असते. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. सील तोडून तिथे काही करणे बेकायदा आहे आणि जिवावरचेही. तळमजल्यावरच्या मीटर केबिनमध्ये पाणी शिरले, जसे २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस सांताक्रूझला झाला तेव्हा कितीतरी इमारतींत शिरले होते, तर केबिनच्या जवळही जाऊ नये. बिलावरच्या क्रमांकावर फोन करून पुरवठा बंद करायला सांगावे आणि पाणी ओसरल्यावर केबिन वाळवून, तपासून मगच तो सुरू करून घ्यावा.

कोणाला शॉक लागलेला असेल तर त्याला हात लावण्याआधी मेन बंद करावा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून अलग करावे, आणि शुद्ध असली तरी दवाखान्यात न्यावे.

काम झाल्यावर ठेकेदाराकडून मोजमापे कागदावर घ्यावीत : प्रत्येक सर्किटचे मेगरचे वाचन, अर्थचा रोध, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडला तो आकडा, तारीख आणि परवाना क्रमांक. कागद डीबीच्या दाराच्या आत चिकटवावा, कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा हेही त्यावर लिहावे, आणि महिन्यातून एकदा ‘टी’ बटन दाबून आरसीसीबी पडतो हे पाहावे. पुढच्या मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, तीच मोजमापे पुन्हा करून घ्यावीत. गेल्या वर्षी २० मेगाओहम दाखवणारे बाथरूमचे सर्किट यंदा २ वर आलेले असेल, तर ती भिंत उन्हाळ्यातच उघडून नवी तार ओढून घेता येते. जुलैमध्ये तेच काम ओल्या प्लास्टरमध्ये करावे लागते आणि महिनाभर वाळत नाही.